पाळण्याची दोरी

रेणू, झोपाळल्या डोळ्यांनी तुला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलंय. रात्रपाळी करून झोपलीस, म्हणून उठवलं नाही. रामनवमीचं गुळाचं सरबत, पानकम, फ्रीजमध्ये आहे.

काल एका बाईचा फोन आला. पॉलिसीवर माझाच नंबर आहे ना. विमा कंपनीनं तुझे कागद तिला कसे दिले, रामच जाणे. ‘तुमच्या सूनबाईंवर मूल होण्यासाठी दोन वर्षं इलाज चालू आहेत, आमचं सेंटर बघा,’ म्हणाली. मी तिला चांगलं खडसावलं. पण कानावर पडलेलं परत कसं देऊ?

दर रामनवमीला कीर्तनात पाळण्याची दोरी मीच तुझ्या हातात दिली, आणि ‘पुढच्या साली आपल्या घरी’ म्हटलं, तेही चारचौघींत. तू हसत दोरी ओढलीस. माफ कर गं बाई.

आज दोरी मीच धरणार, बुवांना तसं सांगितलंय. तू नुसती शेजारी येऊन बस, नाहीतर निवांत झोप. शिवराज माझा लेक असला तरी त्याला मी काही बोलले नाही. चिठ्ठी फाडून टाक.

मी आपणहून विचारणार नाही. पण कधी तुलाच सांगावंसं वाटलं तर हाक मार. कीर्तन ऐन उत्तररंगात असलं तरी उठून येईन.

आई