काचेखालचा जस्ताचा पत्रा

सोमवार, दुपार

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. माझा गुडघा बरा आहे. तुझा खोकला गेला असे गृहीत धरतो.

तू आयुष्यभर शाळेत शिकवलेला एक धडा चूक आहे, एवढेच या पत्रात सिद्ध करायचे आहे. प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात, हे मान्य. परंतु झगझगीत दिव्याला जे साधत नाही, ते मिणमिणत्या अतिनील दिव्याला तत्काळ साधते, हे माझ्यासारख्या तर्कशास्त्राच्या शिक्षकाला कसे पटावे?

पुरावा घरचाच आहे. नातीने शाळेसाठी बरणी मांडली: वर घासून लख्ख केलेला जस्ताचा पत्रा, खाली बरणीत त्याला तारेने जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या. ऋण विद्युतभार दिला की पट्ट्या फाकतात. इलेक्ट्रॉन सुटले की मिटतात. टेबलावरच्या दिव्याने काही घडले नाही. तिच्या अतिनील दिव्यानेही नाही. धूळ बसू नये म्हणून पत्र्यावर मी खिडकीची काच ठेवली होती.

"आजोबा, काच काढून बघू या ना."

"काचेतून पत्रा दिसतो ना? मग प्रकाश पोहोचतोच आहे. मुद्दा असेल तर बोल."

"तुमच्यापुढे त्या दिव्याची काय बिशाद," असे पुटपुटत ती उठून गेली.

तेव्हापासून ती माझ्या खोलीकडे फिरकलेली नाही. सूनबाई सांगते की ती भौतिकशास्त्र सोडणार आहे आणि शुक्रवारी शाळेत तसे कळवणार आहे. आपल्याला त्यातले काही कळत नाही हे आजोबांनीच सिद्ध केले, असे तिचे म्हणणे.

मंगळवार

इथवर काल लिहिले. आज खात्रीसाठी पुन्हा मांडणी केली. अतिनील दिवा चालू असताना पुसण्यासाठी काच उचलली, आणि पट्ट्या मिटल्या. काच ठेवून पुन्हा भार दिला, फाकलेल्याच राहिल्या. काढली, मिटल्या. टेबलावरचा दिवा मात्र उघड्या पत्र्याला जवळजवळ टेकवला तरी पट्ट्या ढिम्म.

मी गोंधळलो आहे. ज्यातून मला स्वच्छ दिसते, त्यातून एका जातीचा प्रकाश जातच नाही? आणि इतका उजेड ओतूनही एकसुद्धा इलेक्ट्रॉन का सुटू नये? धडा पुन्हा वाचला. कालपर्यंत समजलेल्या ओळीही आज समजेनात.

शुक्रवारच्या आत तुला येता आले तर पाहा. पलीकडची खोली झाडून घेतली आहे.

नातीला अजून सांगितलेले नाही. आधी कारण समजावे, मग सांगावे, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. हे पाकीट चिकटवले की तिच्या दारावर टकटक करीन, कारण न समजताच.

एक चूक सहीनिशी लिहून देतो: तिने काच काढू या म्हटले, तेव्हा मी ती काढली नाही.

तुझा,
दादा