ळची काटकसर

महाल, नागपूर
पौष वद्य एकादशी

तीर्थस्वरूप बाबारावदादांच्या पायांवर धाकट्या सुभद्रेचे डोके, आणि वहिनींना वाकून नमस्कार. पाकीट फोडताना ठण् करून खाली काही पडले असेल तर ते आधी उचला आणि पानाच्या डब्यात जपून ठेवा. काय ते पुढे येईल.

दादा, गुडघा कसा आहे? मुंबईच्या दमट हवेत तो कुरकुरतो असे वहिनींनी लिहिले होते. मोहरीच्या तेलात लसूण तापवून चोपडा आणि वर जुने धोतर बांधा (नवे नको, डाग जात नाही). इकडे आम्ही सारे खुशाल आहोत. हे कचेरीत गेले आहेत, आज एकादशी म्हणून स्वयंपाकही अर्धाच आहे, तेव्हा पोथी वाचून झाल्याबरोबर लिहायला बसले. गेला आठवडाभर माझे चित्त ठिकाणावर नाही. परवा गंधाच्या वाटीऐवजी तेलाच्या वाटीत बोट बुडवून देवाला गंध लावले. कारण सांगते, पण क्रमाने सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल सुभी मॅट्रिक झाली पण गोष्ट सांगायला शिकली नाही.

माझी नणंद चारुलता इंटरच्या वर्गात आहे हे तुम्ही जाणता. ती तिथल्या विद्यार्थ्यांच्या ‘अंकुर’ पाक्षिकाची संपादक झाली आहे, हे मात्र नवीन. झाली कशी, तर त्या खुर्चीवरून दोन मुलगे भांडले, एकाने दुसऱ्याच्या सायकलची हवा सोडली, दुसऱ्याने पहिल्याची सीटच लंपास केली, आणि वैतागलेल्या प्रोफेसरांनी जिच्यापाशी सायकल नव्हती तिला खुर्ची दिली. तेव्हापासून आमच्या घरात बातमी हा एक कायमचा पाहुणा आहे. जेवताना बातमी, केस विंचरताना बातमी. वसतिगृहाच्या वरणात तूर किती आणि पाणी किती हे चारूने पेल्याने मोजून छापले. त्यावर सुपरिंटेंडेंटांनी तिला फाटकाच्या आत यायला बंदी केली आणि आतल्या मुलांनी तिच्या नावाचा जयजयकार केला, दोन्ही एकाच दुपारी. त्या अंकाच्या साऱ्या प्रती खपल्या म्हणून ती दिवसभर जमिनीवर नव्हती. दुसऱ्या दिवशी मी चिवडा आणवला तो वरणाच्याच बातमीत बांधून आला, तेव्हा प्रती कुठे खपल्या हेही समजले. मी म्हटले, रडतेस काय, तेलाच्या डागाने अक्षर उलट ठसठशीत दिसते.

हे सारे बापूजींना, म्हणजे माझ्या मामंजींना, पसंत नव्हते, पण ते गप्प होते. मग कॉलेजच्या संमेलनाचे अध्यक्ष म्हणून रावबहादूर मारोतराव काळे येणार असे ठरले. बापूजींनी वीस वर्षे त्यांच्या हाताखाली कारकुनी केली, अजून त्यांचे नाव निघाले की टोपी सारखी करतात. संमेलनाच्या दिवशी ‘अंकुर’चा खास अंक रावबहादुरांच्या हाती पडणार हे ऐकल्याबरोबर त्यांनी चारूला समोर उभे केले.

“साहेबाच्या हातात तुहा अंक जाईन. त्यात एक जरी चूक निंगाली, का इंटर झाल्यावर कालेज बंद. उमरेडवाले तुले पाहाले येतो म्हणून राहिले, त्याईले मी हो म्हणून टाकीन. समजलं काय वं?”

चारू “हो” म्हणाली आणि जेवायला बसली, पण पानातले मीठ तिने ताकात टाकायचे ते पाण्यात टाकले. तिला बी.ए. व्हायचे आहे. हे घरात फक्त मला ठाऊक आणि घराबाहेर टेकडीच्या गणपतीला, कारण मी त्याला त्याच दिवशी श्रीफल बोलले.

संमेलनाला तीन दिवस होते. चारू छापखान्यातून परत आली ती पांढरीफटक. उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, “वहिनी, ळ संपला.” मला वाटले, कोणी वारले. मी विचारले, कोणाकडचे?

दादा, छापखान्यात अक्षरे शिशाची आणि सुटी असतात, आणि जितकी असतील तितकीच (त्या सुट्या अक्षराला तिथे जो शब्द आहे त्यातही हेच अक्षर येते, म्हणून मी टाइप म्हणते). आमचा छापखाना म्हणजे एक खोली, एक यंत्र आणि एक नत्थूजी. नत्थूजी कंपोझिटर, टाइप वेचून लावणारा. दात दोन, पण हाताची चूक एक नाही. त्याने सांगितले की होते नव्हते तेवढे ळ इतवारीच्या ईश्वरदास शेठच्या दुकानातल्या बाजारभावांच्या यादीत जाऊन बसले आहेत. संक्रांतीचा बाजार, यादीत काय काय असावे? तांदूळ, गूळ, तीळ, नारळ, सहा तऱ्हेच्या डाळी, जायफळ, आवळकाठी, बाळहिरडा. भाव रोज बदलतात म्हणून ती यादी महिनाभर तशीच बांधून ठेवलेली, आकडे तेवढे बदलायचे. चारूने विनंती केली तर नत्थूजी म्हणाला, “बाई, शेठ नगद गिऱ्हाईक. त्याची दाय काढून तुमच्या कवितेत टाकू काय?” तरी बिचाऱ्याने पेटीचा खण झाडला, यंत्राखाली हात घातला, आणि नऊ काढून दिले. साऱ्या अंकाला नऊ.

आता मला काटकसर कोणी शिकवावी अशातली गोष्ट नाही. चातुर्मासात मी साखरेवाचून घर चालवते, चार पाहुणे जेवून जातात आणि कोणाला पत्ता लागत नाही. मी म्हटले, चारू, आण तुझे सारे लेख. वहीचे मागचे पान उघडले, नऊ ळ जमा मांडले. रावबहादुरांचे नाव अंकात आठ जागी येत होते, ते बदलता येत नाही, म्हणून आठ तिथे. एक शिल्लक, अडीअडचणीला. बाकी अंकातून ते अक्षर मी गव्हातल्या खड्यासारखे वेचून काढले. वेळचा समय केला, काळजीची चिंता, शाळेचे विद्यालय, डोळ्यांचे नेत्र. अंक फार भारदस्त दिसू लागला. स्त्रियांच्या पानावर पुरणपोळी होती. तिच्यातून आधी डाळ गेली, मग गूळ गेला, जायफळ गेले, शेवटी पोळीच गेली, आणि उरलेले पुरण कशाचे ते सांगता येईना, म्हणून तिथे लिंबाचे लोणचे घातले. मधुसूदन नावाचा एक कवी आहे (केस मानेवर, फी बाकी), त्याने बारा पंक्तींत सतरा ळ उडवले होते. कळी, पाकळी, कोवळी, सावळी. मी सावळीची श्यामा केली तर तो चारूला म्हणतो, तुमच्या वहिनींनी माझी प्रेयसी बदलली. मी निरोप दिला, प्रेयसी तीच आहे, फक्त यमक सोडून गेले. एकाच जागी माझा हात चुकला. हुतूतूच्या बातमीत ‘खेळ केला’ होते, त्याचे मी घाईत ‘क्रीडा केली’ केले. छापून आले ते असे की, आमच्या संघाने पाहुण्या संघासह मैदानात दोन तास मनसोक्त क्रीडा केली. हे वाचून बापूजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला नाही.

इतके करून सारे बेताने बसले होते. आणि संमेलनाच्या आदल्या दुपारी ईश्वरदास शेठचा माणूस यादीला जोड घेऊन आला: गुळाची ढेप, सोललेला नारळ, उडदाची डाळ सालासहित. छापखान्याच्या मालकाने आमच्या खणात हात घातला आणि आठ अधिक एक, नऊच्या नऊ उचलून शेठच्या भांडारात भरले. चारू तेव्हा कॉलेजात मांडवाच्या व्यवस्थेत, यंत्र पाच वाजता बंद होणार. तेव्हा नत्थूजीने आठही जागी, आपण या भागात बोलतो तसे, ळच्या जागी य बसवला. डोळ्याला आपण डोया म्हणतो, काळजीला कायजी म्हणतो, मग साहेबाला तरी का सोडावे? पाचशे प्रती छापून झाल्या.

पहिल्याच पानावर: ‘रावबहादूर मारोतराव काये : अल्प परिचय’. आणि आपल्याकडे ‘काये’ म्हणजे ‘काय आहे?’, हे मुंबईत राहून तुम्ही विसरला नसाल. पुढे वाचा. ‘काये हे नाव ऐकले नाही असे घर या प्रांतात नाही.’ ‘काये यांच्या अंगी गुण अनेक.’ ‘अध्यक्ष कोण असावे हा प्रश्न निघताच सर्वांच्या मुखी एकच शब्द आला, काये.’

प्रती थेट मांडवात आल्या. मी बायकांत चिकाच्या पडद्यामागे होते. चारू अंक घेऊन आली, माझ्या मांडीवर ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, “वहिनी, उमरेडले पाणी कसं आहे वं? गोड आहे ना?” मी रामनाम सुरू केले होते ते अर्ध्यावर राहिले. तोवर कोणीतरी एक प्रत अध्यक्षांना दिलीही, आणि दुसरी पहिल्या रांगेत बापूजींना. बापूजींची मान आधी ताठ झाली, मग कोटात गेली. रावबहादुरांनी वाचले, पान उलटले, परत पहिल्या पानावर आले. मग उठून उभे राहिले.

“हे कोनं छापलं?”

दादा, नत्थूजीचे नाव सांगता आले असते. तो तिथे नव्हता, गरीब आहे, कोणी त्याची बाजू घेतली नसती. चारू पडद्याबाहेर गेली आणि म्हणाली, “संपादक मी आहे साहेब. चूक माही.” त्यांनी विचारले, “काहून केली?” तिने सांगितले. गूळ, तीळ, नारळ, बाळहिरडा, एकही पदार्थ न चुकता. नऊ आले कसे, गेले कसे, तेही.

“पोरी,” रावबहादूर म्हणाले, “तीस वर्स मी सरकारात होतो. गोरे साहेब मले मिस्टर केल म्हनत, इंग्रजीत लिहिलं का तसंच दिसते. एकानं विचारलं नाई का गा, तुहं नाव खरं काय? माही माय मातर मरेपर्यंत आमाले कायेच म्हने. चुकाचं तर असं चुका.”

मग त्यांनी खिशातून इंग्रजी भाषण काढले, घडी घातली, पुन्हा खिशात ठेवले, आणि अर्धा तास आपल्या बोलीत असे बोलले की मुले बाकांवर चढली आणि पडद्यामागच्या बायकांनी पडदाच बाजूला सारला. शेवटी म्हणाले, ही बी.ए. होईन तवा मले बलावा. म्हणाले सर्वांना, पण पाहिले बापूजींकडे. बापूजींनी टोपी सारखी केली. घरी येऊन उमरेडला कार्ड लिहिले की मुलगी अभ्यासात आहे. ते कार्ड मी स्वतः पेटीत टाकले आणि तशीच टेकडीवर जाऊन श्रीफल वाहून आले. चारू चालत नाही, उडते आहे. मीही थोडी उडते आहे, या वयात शोभत नसले तरी.

वहिनींना आणि मुलांना माझी आठवण द्या, गुडघ्याला तेल द्या. तुमच्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
सुभद्रा

ता. क. पाकिटातून जे पडले तो एक ळ आहे, नत्थूजीने शेठच्या यादीतून हलक्या हाताने परत काढलेला. गोष्ट अशी की रावबहादुरांचे भाषण ऐकून बापूजींना लेखनाची हुक्की आली आहे. पुढच्या अंकाला त्यांनी लेख दिला आहे, ‘आमच्या काळची शाळा आणि छडीचे बळ’. मी मोजले, एकशे बारा ळ. समय घालू का विचारले तर म्हणतात, “माह्या कायच्या शायेले हात लावाचा नाई.” तोंडाने शाया म्हणतात, छापून मात्र शाळाच पाहिजे. आणि लेख आला नाही तर उमरेडला दुसरे कार्ड जाईल असे दोनदा सुचवून झाले आहे. म्हणून महाशिवरात्रीला याल तेव्हा तिकडच्या टाइपच्या कारखान्यातून दोन रत्तल ळ घेऊन यावे. तिथे अक्षरे वजनावर देतात असे नत्थूजी सांगतो. नमुन्याच्याच उंचीचे पाहून घ्यावे, वर मूठभर मागावे, लाजू नये. नमुना परत आणावा.

ता. क. दुसरा. य बसवण्याची अक्कल नत्थूजीची नव्हती. तो त्या दुपारी दारात येऊन विचारत होता, “ताई, छापू का थांबू?” आणि मीच म्हटले, आपण घरी म्हणतो तसे छापा. त्याने मालकाची बोलणी खाल्ली पण माझे नाव घेतले नाही. मी त्याला मुगाचे लाडू दिले, दोन दातांना चालतील असे. चारूला हे ठाऊक नाही. पत्र वाचून फाडावे (मागची बाजू कोरी आहे, ती आधी कापून घ्यावी).

ता. क. तिसरा. यादीतले, उदाहरणाचे, दुसऱ्यांच्या लेखणीतले आणि रावबहादुरांचे सोडले तर या पत्रात माझ्या पदरचा एकही ळ गेलेला नाही, पाहा मोजून. सवय लागली. पण आता दोन रत्तल येणारच आहेत, तेव्हा हात सैल सोडते: दादा, वेळेवर या, मुलाबाळांना सगळ्यांना घेऊन या, गुळाच्या पोळ्या करीन, काळजी मुळीच करू नका, आम्हा सगळ्या मंडळींचे डोळे वाटेला लागले आहेत.