मिरजगावच्या फाइलवरची माझी सही

मी, सहादू रंगनाथ भिंगारदिवे, वय एकसष्ट, विमा कंपनीचा निवृत्त शाखाधिकारी, राहणार केडगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीचे दुखणे आहे, डोके ताळ्यावर आहे. आज माझ्यावर कोणाचा दाब नाही. होता तेव्हा मी दबलो, ते पुढे येईलच.

१. केडगावचे घर माझ्या स्वकष्टाचे. पत्नी चांगुणाबाई हयात नाही. पुढचा भाग मुलगी ॲड. प्रज्ञा हिला. मागच्या दोन खोल्या छबूबाई बन्सी पालवे, राहणार पाथर्डी, यांना कायमच्या द्याव्यात. या बाई कोण, असे भाऊबंद विचारतील, म्हणून लिहितो.

२. सन १९९३ मध्ये मिरजगावचे बियाण्यांचे दुकानदार गोरक्षनाथ म्हेत्रे यांच्या पत्नी रंगुबाई यांच्या हृदयाच्या पहिल्या ऑपरेशनचा दावा माझ्या टेबलावर आला. तो मंजूर झाला तरच दुसरे ऑपरेशन होणार होते. वरून तोंडी हुकूम होता, मोठे दावे पाडा. कंपनीच्या डॉक्टरांनी माझ्याच केबिनमध्ये चहा पीत दाखला लिहिला : आजार विमा घेण्याआधीचा. बाईंना त्यांनी पाहिलेही नव्हते.

"डॉक्टर, एकदा तपासून तरी घ्या," मी म्हणालो.

"तपासलं तर वेगळं लिहावं लागेल."

मी सही केली. चार महिन्यांनी रंगुबाई गेल्या.

३. तेरावे उरकून गोरक्षनाथ भर दुपारी कचेरीत आले. पिशवीत कोयता आहे हे कोणाला कळले नाही.

"सायेब, तुमी तिला पाह्यलं व्हतं का? एकदा तरी?"

फाइलीतून मान वर न करता मी म्हणालो, "नियमात बसत नाही."

आमचा शिपाई बन्सी पालवे तेव्हा कप उचलत होता. कोयता निघाला तसा तो मध्ये पडला आणि घाव त्याच्यावर बसला. मला ओरखडाही उठला नाही. बन्सी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला.

मग कंपनीने माझ्या केबिनला लोखंडी जाळी बसवली, बंदूकवाला पहारेकरी दिला, घरावरची नावाची पाटी काढायला लावली. पुण्याहून मोठे साहेब येऊन अधिकाऱ्यांच्या सुरक्षिततेवर तासभर बोलले. बन्सीचे नाव त्यांनी दोनदा विचारून घेतले. त्याची बायको छबूबाई पुन्हा ऊसतोडीला गेली.

४. खटल्यात आरोपीच्या वकिलांनी मला विचारले, "दाखला खरा होता?" मी "हो" म्हणालो. रोज सकाळी पंचशील म्हणणारा मी, खोटे न बोलण्याचे चौथे शील त्या पिंजऱ्यात मोडले. गोरक्षनाथांना जन्मठेप झाली. खून त्यांनी केला, हे मी नाकारत नाही. तो कशापायी झाला, हे न्यायालयाला मी कळू दिले नाही.

५. ~~माझ्या मृत्यूनंतर प्रज्ञाने त्या फाइलीची प्रत व माझे निवेदन गोरक्षनाथांच्या वकिलांना द्यावे.~~ (हे कलम मीच खोडले आहे. स. रं. भिं.)

६. निवृत्तीला मिळालेले मानपत्र चुलीत घालावे. मोठे साहेब अंत्यविधीला आले तर बसू द्यावे, बोलू देऊ नये.

७. काल प्रज्ञा आणि मी जीपने पाथर्डीला गेलो. छबूबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांना हा मसुदा वाचून दाखवला. पाचव्या कलमापाशी त्यांचा हात थांबला.

"त्या मानसावर माझा राग हाय, जायचा बी न्हाई," त्या म्हणाल्या. "पर मेल्यावर खरं बोलायला काय लागतंय, सायेब?"

प्रज्ञा माझ्याकडे पाहत राहिली.

म्हणून पाचवे कलम खोडले. गोरक्षनाथांचे अपील औरंगाबाद खंडपीठात पडून आहे. सोमवारी सकाळच्या एसटीने मी स्वतः फाइलीची प्रत घेऊन तिथे जात आहे. दाखल्यात तपासणीची तारीख कोरी आहे, ती दाखवणार आहे. खोट्या साक्षीबद्दल मलाही शिक्षा होऊ शकते, हे प्रज्ञाने नीट समजावले आहे. मी घरी मेलो काय आणि तुरुंगात मेलो काय, मागच्या दोन खोल्या छबूबाईंच्याच.

केडगाव, ता. नगर, जि. अहमदनगर
शनिवार, दि. ६ जून १९९८

(सही) सहादू रंगनाथ भिंगारदिवे

सहादूरावांनी सर्व वाचून दाखवून आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली :
१. गहिनीनाथ दगडू ठोंबरे, निवृत्त शिक्षक, केडगाव
२. दीपा प्रवीण साळवे, परिचारिका, केडगाव