अर्थाखालचा कागद

स्क्रू पुन्हा ढिला करतो आहे, पप्पा. तासाभरापूर्वी मीच तो आवळला होता. तुमच्या मोटरसायकलच्या हेडलाइटचा डूम उघडा आहे, आत वायरींचा गुंता आहे, आणि त्यातली एक नीट झालेली वायर मी हाताने बिघडवतो आहे. उद्या सकाळी तुमची मुलगी येणार आहे. तिला हा बिघाड सापडू नये अशी माझी इच्छा आहे.

गाडी बारा वर्षे तिच्याकडे होती. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात ती कोल्हारला घेऊन गेली. मला कोणी विचारले नाही, मीही मागितली नाही. आता तिची कंबर धरते म्हणून तिने स्कूटर घेतली आणि मागच्या रविवारी ही गाडी टेम्पोत घालून इथे नगरला आणली. "विकवत नाही रे दादा. तुझ्याकडं राहू दे." किल्ली हातात ठेवताना म्हणाली, "पेट्रोलचा काटा झोपलाय. टाकी अर्धी भरलेली आहे, तरी रिकामी दाखवतो. तू हात लावू नकोस. पुढच्या रविवारी चर्चच्या आधी येते आणि बघते." मी म्हणालो, मी बघतो की. ती हसली. "तू अर्थ सांग दादा. लावायचं काम माझं."

हा विनोद आमच्या घरात तीस वर्षे चालू आहे आणि तो माझ्यावरच आहे. तुम्ही आठवडाभर नागापूरच्या कारखान्यात फिटर, आणि रविवारी आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये लोकांच्या गाड्यांचे मीटर दुरुस्त करता. पाथर्डीकडचा एक माणूस आला आहे. "मिस्त्री, ह्यो काटा लई खोटं बोलतोय. टाकी भरली तरी न्हाईच म्हनतो." तुम्ही मान वर न करता म्हणता, "काटा खोटं बोलत नाही. त्याला अर्थ लागत नाही." मी पंधरा वर्षांचा. माझ्या हातात तुमचा तपासणीचा दिवा आहे, एक बल्ब आणि दोन वायरी. एक टोक मी गाडीच्या लोखंडाला टेकवायचे आहे. मी टेकवत नाही. मी म्हणतो, "अर्थ नाही पप्पा, अर्थिंग. अर्थ म्हणजे वेगळं." पाथर्डीचा माणूस मांडीवर थाप मारतो. "घ्या. आता मिस्त्रीला बी शाळंत घाला." तुम्ही रागावला नाहीत. माझ्या हातातून दिवा घेतलात आणि म्हणालात, "तू जा. वाचत बस." मग स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारलीत, "ये गं, दिवा धर." ती आईजवळ लसूण सोलत बसली होती. फ्रॉकला हात पुसत आली आणि तिने दिवा धरला.

त्यानंतर दर रविवारी तिनेच धरला. पुढच्या शनिवारी तुम्ही माझ्यासाठी शब्दकोश आणलात, खाकी कागदाचे कव्हर घालून. "शब्द तुझ्याकडं असू दे." मला वाटले, मी जिंकलो. पहिल्या पानावर तुमचा काळा अंगठा उमटला होता, तो मी खोडरबराने घासला. पान विरले, डाग राहिला. मी आतल्या खोलीत वाचत बसायचो आणि शेडमधून तुम्हा दोघांचे आवाज खिडकीपर्यंत यायचे. आवाज यायचे, शब्द यायचे नाहीत. ती जेवायला बसली की आई तिच्या काळ्या नखांवरून बोलायची आणि तुम्ही ताटात बघून हसायचात. माझी कविता पहिल्यांदा छापून आली तेव्हा तुम्ही अंक हातात घेऊन मान हलवलीत. तिने पहिला काटा एकटीने उठवला तेव्हा तिला मागे बसवून कोल्हारच्या पुलापर्यंत नेऊन आणलेत. ते अंतर मी नंतर नकाशावर सुतळीने मोजले होते.

आज दुपारी चार तास लागले. आधी टाकीतल्या फ्लोटची वायर काढून बघितली, ती चांगली होती. मग फ्यूज. मग काळी, म्हणजे अर्थाची, वायर धरून तिच्या टोकापर्यंत गेलो. टोकाची कडी ज्या स्क्रूने लोखंडाला आवळलेली असते, तिथे हिरवा-तांबडा गंज होता. पॉलिश पेपरने घासला, स्क्रू आवळला, किल्ली फिरवली. काटा सावकाश उठला आणि अर्ध्यावर थांबला. अर्थ लागला होता. मी मागे वळून पाहिले. तिथे भिंत होती.

मग तिचा उद्याचा चेहरा दिसला. "अरे वा, दादा," ती म्हणाली असती, लहान मुलाला म्हणतात तसे. टेबलावर हा कागद होता. वरच्या कोपऱ्यात फक्त 'पप्पा' असे लिहून मी सकाळपासून थांबलो होतो. तेवढा कोपरा फाडला आणि घडी करून कडीच्या खाली सरकवला. कागदातून वीज जात नाही, एवढे मलाही माहीत आहे. स्क्रू वरून नुसता टेकवला. काटा पुन्हा झोपला. उद्या ती वाकून वाकून शोधेल आणि तिला सापडणार नाही. एकदा तरी तुमचे शिकवणे तिला कमी पडेल.

हे कुठे पाठवायचे नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो. त्या दिवशी शब्द चुकला म्हणून मी बोललो नव्हतो. दिव्याची वायर लोखंडाला टेकवायची मला भीती वाटत होती. शॉक बसेल असे वाटले होते.

उरलेले आज लिहितो आहे, पप्पा. सकाळी ती आली. चहासुद्धा घेतला नाही. किल्ली फिरवली, डावा इंडिकेटर लावला आणि बघत उभी राहिली. इंडिकेटर लुकलुकला की पेट्रोलचा काटा त्याच्याबरोबर हलत होता. दोघांच्या काळ्या वायरी त्या एकाच कडीला होत्या, हे माझ्या लक्षात आले नव्हते. "अर्थ," ती म्हणाली. तपासणीचा दिवासुद्धा काढला नाही. डूम उघडून तिने स्क्रू काढला, कागद बाहेर ओढला, उलगडून वाचला आणि पर्समध्ये ठेवला. स्क्रू आवळला. मग आम्ही चर्चला गेलो, तिच्या स्कूटरवर, मी मागे बसलो.