पेडलवरची जागा

प्रिय ठकू,

तुझा फोटो पोचला. गाडीखालून डोकं काढून हसतेयस, गालावर ऑइलचा पट्टा, आणि शेजारी आमचे व्याही, पांढरेशुभ्र हातमोजे घालून. तुझ्या गाडीचा झिजलेला क्लच त्यांनी घरच्या घरी बदलला, आनंद आहे. फक्त एवढंच सांग, हातमोजे घालून कोणी पाना धरतं का? ऑपरेशनला बसले होते की काय?

फोनवर तू म्हणालीस, बाबांनी एका दिवसात गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवला. मला क्षणभर कळेना, हे मी कधी केलं. सासऱ्यांना बाबाच म्हणायचं असतं, मान्य. पण पेडल दाबायला त्यांनी तुला बसवलं हे ऐकलं आणि मी जेवत्या ताटावरून उठलो. ते काम तू माझ्याकडे करायचीस. पाय पुरत नव्हते तेव्हा सीटच्या कडेपर्यंत घसरून बसायचीस. मी गाडीखालून 'दाब' म्हटलं की दात-ओठ खाऊन दाबायचीस आणि 'सोड' म्हणेपर्यंत श्वासही घ्यायची नाहीस. त्यांना याची काय कल्पना असणार!

तर मीही आपल्या गाडीचा क्लच काढायला घेतला. चढावर घसरतोय, असं तुझ्या आईला सांगितलं. शिलाईच्या दुकानाला कुलूप लावलं, एका नवरदेवाचा कोट अर्धवट टाचलेला तसाच लटकतोय. नवी क्लच प्लेट आणली, घाम गाळून बसवली. मग पुढचं एक चाक जमिनीवर टेकवलं, दुसरं जॅकवर अधांतरी ठेवलं, गिअर टाकला आणि आईला पेडलवर बसवलं. पेडल दाबल्यावर चाक हाताने फिरायला हवं. ते हलेना. मी ओरडलो, नीट दाब. तिने दाबलं. पुन्हा ओरडलो. ती उतरली, दार आपटलं आणि म्हणाली, तुमच्या क्लचला काही झालेलं नाही, झालंय ते तुम्हाला. तेव्हापासून आमचा अबोला आहे.

गिअरबॉक्स परत उतरवला. प्लेट उलटी बसवली होती. तिची एक बाजू सपाट असते, दुसरीकडे मधोमध स्प्रिंगांचा फुगवटा. तो गिअरबॉक्सकडे यायला हवा. पण जन्मभर शिवणारा हात माझा: ओबडधोबड बाजू आत, साफ बाजू बाहेर. मी इंजिनाला अस्तर लावून मोकळा झालो होतो. हे व्याह्यांच्या कानावर घातलंस तर बघ.

आता प्लेट सुलट बसली आहे. जुनी माझ्यासमोर टेबलावर आहे, कात्रीशेजारी. खरं सांगायचं तर तिला काहीच झालेलं नाही, अजून कितीतरी वर्षं चालली असती. तुझ्या सासऱ्यांचा हेवा वाटला म्हणून मी धडधाकट गाडी खोलली. गाडी अजून जॅकवरच आहे, चाक फिरवून बघायचं तेवढं राहिलंय. आई त्या सीटवर बसणार नाही. शेजारचे बसायला तयार होते, मीच नको म्हटलं. रविवारी ये. व्याह्यांनाही आण. त्यांना चांगली खुर्ची देईन, चहा देईन, पाना मात्र देणार नाही. पेडलवर तू बस. 'सोड' म्हणायला मला जरा उशीर होईल, तेवढं चालवून घे.

तुझाच,
मूळचा बाबा