खिडकीजवळच्या खाटेचे आभार

बुधवार, ता. ९

माननीय दाते यांना,
सविनय नमस्कार.

आपण व आपल्या घरची मंडळी खुशाल असाल अशी आशा करते. आपल्या देणगीतून रुग्णांच्या या निवासात माझ्या यजमानांना खाट मिळाली, मला खाली गादी मिळाली आणि दोघांत मिळून एक शेगडी मिळाली. इथली गाडी आम्हाला उपचाराला सोडते, परत आणते. आपले उपकार जन्मभर विसरणार नाही. कळावे.

कळावे कसलं, डोंबल! भाऊजी, मला नाही जमत हे सोंग.

इथल्या टोपीवाल्या ताई सगळ्यांकडून अशी पत्रं लिहून घेतात. केस गेलेल्यांसाठी लोकरीच्या टोप्या विणतात, म्हणून त्यांना हे नाव. निवासाचा सगळा कारभार त्याच बघतात. नियम त्यांचे पक्के आहेत. दोन ओळी लिहायच्या, रडगाणं गायचं नाही, आणि दात्याकडे काही म्हणता काही मागायचं नाही. दात्याचं नाव आम्हाला सांगत नाहीत. पत्र त्या वाचतात आणि मग पोचवतात.

पण नाव सांगायला कशाला हवं? आम्ही आलो त्या दिवशी ताई म्हणाल्या, "तुमच्या दात्याची एक अट आहे हं. पेशंटला खिडकीजवळचीच खाट द्या, बंद खोलीत त्याला झोप येत नाही." ह्यांनी ते ऐकलं, खाटेवर बसले आणि खिडकी उघडली. रंगाच्या वासानं डोकं धरतं म्हणून थंडीतसुद्धा खिडकी उघडी टाकून झोपणारा माणूस कोण आणि त्याच्या शेजारी कुडकुडत झोपणारा कोण, हे जगात तिघांनाच ठाऊक आहे.

म्हणजे तुम्हाला कळलंय तर. कोणी सांगितलं ते विचारत नाही. आपण बोलत नसलो तरी बाजारातले लोक बोलतातच.

इथली खबर सांगते. रविवारी मदतीचा मेळा आहे. अंगणात जुने कपडे, पुस्तकं, ताईंच्या टोप्या, सगळं विकायला मांडणार. ताई डबा घेऊन फाटकात उभ्या राहणार. एकदा का त्यांनी डबा वाजवला की माणूस खिशात हात घातल्याशिवाय सुटत नाही. याच पैशांवर हे घर चालतं. ह्यांच्या मोठ्या उपचाराचे पैसेही असेच जमले. कुणी शर्यतीत पळालं, कुणी दुकानात डबा ठेवला, एका शाळेच्या शिपायानं तर वाढदिवसाचा खर्च इकडे दिला. तोंडओळख नसलेली माणसं! मी कितीदा रडले त्यांच्या नावानं.

पैसे जमले, भाऊजी. तेच तर सांगतेय. पैशांवाचून आमचं अडलेलं नाही.

ह्यांच्या रक्तातच आजार आहे. औषधांनी दबला होता, पुन्हा उसळला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दुसऱ्याच्या हाडातला मगज देणं हा एकच रस्ता उरलाय, आणि तो जुळण्याची सगळ्यांत जास्त आशा सख्ख्या भावंडात. "भाऊबहीण कोणी?" त्यांनी विचारलं. तुमचे दादा म्हणाले, "मला भाऊ नाही."

मी शेजारीच बसले होते. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी जीभच उचलली नाही. बाहेर आल्यावर मात्र मी भांडले. तर म्हणतात कसे, "त्याला छापायचं यंत्र हवं होतं, यंत्र मिळालं. माझ्यासाठी त्याच्या दारात गेलीस तर मी उपचार सोडीन." सुंभ जळेल, पीळ जाणार नाही! तुम्ही पाट्या रंगवणं सोडून फ्लेक्सचं दुकान काढलंत, यात कसलं आलंय पाप? पोटापाण्याचं बघितलंत. पण ह्यांना वाटलं, भावानं आपला हात नाकारला. आणि तुम्ही तरी काय कमी? जाताना म्हणालात, "बस आता तुझे रंगाचे डबे हुंगत." भरल्या घरात शब्द टाकून गेलात.

मग मगज देणाऱ्या परक्या लोकांच्या याद्या धुंडाळल्या. जुळणारं कोणी सापडलं नाही. डॉक्टरीणबाई आता माझ्याशी बोलताना कागदाकडे बघतात. ह्यांच्या अंगावरचा सदरा दुसऱ्याचा वाटतो. काल नळाची तोटी पिळता येईना, तर पाणी नको म्हणाले. मला भीती वाटते हो. फार भीती वाटते. तोंड दाबून रडायला इथे जागा एकच, न्हाणीघर, आणि तिथेही बाहेर रांग असते.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. तुम्हाला गाढव म्हणत नाही, पण मी अडलेय हे खरं. आधी नुसतं रक्त तपासतात. जुळलं तर काही तास सुईवर बसावं लागतं. सुई बघून खाटेखाली लपणारे तुम्ही, मला माहीत आहे. पण जे घेतात ते अंगात पुन्हा तयार होतं, डॉक्टरीणबाईंना मी दोनदा विचारून घेतलंय.

ह्यांना कळलं तर? एकच गोष्ट सांगते आणि थांबते. मेळ्यासाठी ताई फ्लेक्स छापून आणणार होत्या. हे ऐकेनात. पत्रा मागवला, खिडकीशी टेकवला आणि दोन दिवस बसत-उठत अक्षरं काढली. "जरूर या". काय सुंदर वळण, तुम्ही बघायला हवं होतं. पण नुसत्या कडा. आत रंग नाही. मला वाटलं दमले असतील. तुम्हाला ठाऊकच आहे, दादांनी कडा काढायच्या आणि तुम्ही रंग भरायचा, लग्न होऊन आले तेव्हापासून तेच बघत आले. ह्यांना भरायला कुठे येतं, रंग रेघेबाहेर जातो. म्हणून मी ब्रश उचलला. तर हे केवढ्यानं ओरडले! "ठेव तो. ते काम तुझं नाही."

"मग कुणाचं?" मी म्हटलं.

ह्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. लाल रंगाचा डबा मागवलाय, त्याचं झाकण अजून उघडलेलं नाही. कुणाला हातही लावू देत नाहीत.

आत्ता ताई येऊन गेल्या. एवढे कागद बघून म्हणाल्या, "दोन ओळी लिहायच्या होत्या ना?" मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "बंद करून द्या पाकीट. आज माझा चष्मा घरी राहिलाय." चष्मा त्यांच्या गळ्यात होता.

लग्न होऊन आले तेव्हा तू शाळेत होतास, मी तुला अरेतुरे करायची. मोठा झालास, मिशी फुटली, तेव्हा भाऊजी म्हणायला लागले. आज राहू दे ते. देणगी नको, पत्राला उत्तर नको. ये रे. रविवारच्या आधी ये. मी बोलावलं म्हणू नकोस, पाटी भरायला आलो म्हण, आणि पहिल्यांदा तो डबा उघड. पुढचं मी बघते.

तुझ्या दादाच्या खाटेपाशी बसलेली, तुझी वाट बघणारी,
वहिनी