मी गेलो की कळेल

१ फेब्रुवारी, रविवार

नवीन सेमिस्टर. नवीन वही. नवीन मी.

रोज पहाटे पाचला उठणे. अर्धा तास व्यायाम, दोन तास अभ्यास, मग थंड पाण्याने आंघोळ. आज सव्वाअकराला उठलो, पण संकल्प सोमवारपासून करायचे असतात, हे मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्याला कोणी सांगायला नको.

या घरात आम्ही चौघं. काका हा कोणाचाच काका नाही. किड्यांवर पीएचडी करतोय आणि तिशी ओलांडली आहे, म्हणून काका. वकील अजून वकील झालेला नाही, लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण दात घासतानासुद्धा मुद्दे मांडतो. भोंगा नर्सिंगला. हळू बोलणं त्याला जमत नाही. त्याच्या वॉर्डातले पेशंट लवकर बरे होऊन घरी जातात ते त्यामुळेच असावं. चौथा मी. घर म्हटलं की ते बांधून ठेवणारा कोणीतरी लागतो. दीड वर्ष ते काम मी करतोय. मला कोणी सांगितलेलं नाही. काही माणसांना सांगावं लागत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी दीड

पाचचा गजर वाजला. वाजतच राहिला. शेवटी पलीकडच्या खोलीतून वकील आला आणि बंद करून गेला. नंतर त्याला झोप लागेना म्हणे, म्हणून त्याने एक अख्खं पुस्तक वाचून काढलं. म्हणजे माझ्या संकल्पाचा घराला फायदा सुरू झाला. आभार मानायचे राहिले बाजूला, गड्याने घड्याळ फ्रीजमध्ये ठेवलं.

व्यायाम उद्यापासून. आज पाठ धरली आहे, झोपून झोपून.

८ फेब्रुवारी, रविवार

घरसभा. दर रविवारी चौघांनी स्वयंपाकघरात बसायचं आणि आठवड्याच्या कामांच्या पाळ्या ठरवायच्या, असा घराचा नियम आहे. नियम चांगला, अंमलबजावणी बाळबोध. म्हणून आज मी तक्ता करून नेला. चार रंगांत. स्वयंपाक काकाकडे. भांडी भोंग्याकडे. केर आणि बाथरूम वकिलाकडे. देखरेख माझ्याकडे.

वकिलाने तीन मुद्दे मांडले. एक, देखरेख हे काम नाही. दोन, असलंच तर ते मी दीड वर्ष करतोय, आता दुसऱ्यालाही संधी मिळावी. तिसरा मुद्दा माझ्या अंघोळीबद्दल होता, तो विषयाला धरून नव्हता. भोंगा इतका हसला की वर राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी जमिनीवर काठी आपटली. काका काहीच बोलला नाही. मौनं सर्वार्थसाधनम्. तक्ता फ्रीजवर लावला.

तासाभराने पाहिलं तर कोणीतरी नावं बदलली होती. भांडी माझ्याकडे. अक्षर काकाचं.

११ फेब्रुवारी, बुधवार

कुकर भिजत घातला. भिजवणं हा घासण्याचाच पहिला टप्पा आहे, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. पुढचं काय, कोणीही करेल.

कोणी करत नाहीये.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कुकर भिजतोय. भोंग्याने विचारलं, त्यात काही पेरलंय का. काकाने वाकून पाण्यात पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. प्रबंधाच्या उपयोगाचं काहीतरी दिसलं असावं. असा मी नकळत विज्ञानालाही हातभार लावतो.

आज वर्गात निगोशिएशन. सर म्हणाले, बोलणी अडली की टेबलावरून उठून जायची तयारी हवी. मग समोरचा सुतासारखा सरळ होतो. काय वाक्य आहे! अंगावर काटा आला. सर पुढेही काहीतरी सांगत होते, पण तेवढ्यात माझा डोळा लागला.

१५ फेब्रुवारी, रविवार

घरसभा. विषय एकच, कुकर. तिघांनी मिळून मला कोंडीत पकडलं. भोंगा म्हणाला, चार दिवस आम्ही पातेल्यात भात करतोय. वकील म्हणाला, हा सामाईक मालमत्तेचा गैरवापर आहे. काका म्हणाला, अरे, निदान ते पाणी तरी ओत, त्यांची दुसरी पिढी झाली.

मी शांतपणे उठलो. खुर्ची मागे सरकवली. म्हणालो, ठीक आहे, तुम्हाला माझी किंमत नाही. महिनाअखेर मी खोली सोडतो. मी गेलो की कळेल.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काका म्हणाला, बरं, अठ्ठावीसला की एक तारखेला?

आवाज कापत होता त्याचा. बिचाऱ्याला काय बोलावं सुचेना, म्हणून तारीख विचारली. मी अठ्ठावीस म्हटलं आणि खोलीत आलो. आता फक्त वाट पाहायची. दोन दिवसांत लाइन लागेल दाराशी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज भोंगा दाराशी आला. म्हटलं, झाली सुरुवात. तर हॉस्पिटलच्या स्टोअरमधून चार रिकामे खोके घेऊन आला होता. सलाइनचे आहेत, मजबूत असतात, पुस्तकं बसतील, म्हणाला. आणि टेपही ठेवून गेला.

काहींना प्रेम बोलून दाखवता येत नाही. ती खोके आणतात.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कॉलेजच्या नोटीसबोर्डावर वकिलाची जाहिरात. चौघांच्या घरात एक खोली रिकामी होत आहे. मोठी, हवेशीर. भांडी स्वतः घासणारा हवा. खाली वकिलाचा नंबर.

मी हसलो. पुढचा माणूस घाबरावा म्हणून दुसरा ग्राहक दाखवतात, ही फार जुनी ट्रिक आहे. माझ्यासारख्यावर ती चालायची नाही. तिथे उभ्या असलेल्या एका मुलाने मला विचारलं, तुम्हालाही खोली हवी आहे का. मी म्हटलं, छे छे. त्याने नंबर लिहून घेतला. अक्षर सुबक होतं. मला तो मुलगा अजिबात आवडला नाही.

रात्री ताईचा फोन. तिला सगळी स्ट्रॅटेजी समजावून सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, गाढवा, बाहेर जा आणि सॉरी म्हण. ताईला मॅनेजमेंट कळत नाही. ती बँकेत मॅनेजर आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

केवळ तुलनात्मक अभ्यास म्हणून एक खोली पाहून आलो. स्वच्छ. एकट्याला एक बाथरूम. खिडकीतून समोरची भिंत दिसते, पण भिंतही नुकती रंगवलेली. मालक सज्जन. त्यांनी विचारलं, मित्र वगैरे येऊन दंगा घालणार का. मी म्हटलं, हो, येणारच ना. मग जिना उतरताना विचार करू लागलो की कोण येणार. काका, वकील आणि भोंगा सोडून कोणी आठवेना.

खोली काही फारशी चांगली नव्हती. कोंदट होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज तीन उमेदवार खोली पाहायला आले. तक्रारीला जागा नको म्हणून मी कॉटवर पडूनच होतो.

पहिला केमिस्ट्रीचा. त्याने दार उघडलं, एक पाऊल आत टाकलं, ते उचलून बूट तपासला आणि त्याला एकदम कोणाचा तरी फोन आला. फोन वाजल्याचं मला ऐकू आलं नाही, पण तो बोलत बोलत जिन्यापर्यंत गेला. दुसऱ्याला सात शिंका आल्या. तिसरा सुबक अक्षरवाला. चांगला ताडमाड उंच. त्याने खुर्चीवरच्या कपड्यांच्या ढिगाकडे पाहून विचारलं, खाली नक्की खुर्चीच आहे ना.

नंतर स्वयंपाकघरात तिघं हळू आवाजात बोलत बसले होते. म्हणजे दोघं हळू, आणि भोंगा. कोणीच नक्की झालं नाही, एवढं कळलं. साहजिक आहे. दीड वर्ष ज्यांनी मला पाहिलंय, त्यांना दुसरं कोण पसंत पडणार?

पण मग दाराशी येऊन, राहा, असं का म्हणत नाहीत?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सरांना गाठून विचारलं, उठून गेल्यावर समोरचा किती दिवसांत येतो. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, मी सांगितलं होतं की, हातात दुसरी जागा असल्याशिवाय कधीही उठू नये. नाहीतर तुम्ही उठता आणि ते जेवायला बसतात. पुढे म्हणाले, तुम्ही तेव्हा घोरत होता.

घरी आलो. तिघं जेवत होते. माझं ताटही मांडलेलं होतं. मी भूक नाही म्हणून खोलीत आलो. भूक होती.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सॉरी म्हणायला तीनदा दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा वकील फोनवर होता. दुसऱ्यांदा भोंगा आंघोळीला गेला होता. तिसऱ्यांदा तिघंही रिकामे होते, म्हणून परत आलो.

मग तोडगा सापडला. सन्मानाला धक्का न लागता परत येण्याचा राजमार्ग. जाहिरात सर्वांसाठी खुली आहे. मी वकिलाच्या नंबरवर रीतसर मेसेज टाकला. आपली खोलीची जाहिरात वाचली, मी मॅनेजमेंटचा विद्यार्थी असून निर्व्यसनी आहे, कृपया विचार व्हावा.

भिंतीपलीकडे फोन टुणकन वाजला. मग भोंग्याचं हसू, मग वरून काठी. मग उत्तर आलं. उद्या संध्याकाळी सहाला मुलाखत. खोली पाहायची असल्यास पाचला यावे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री

पाचला गेलो. म्हणजे खोलीतून बाहेर आलो आणि दार वाजवलं. भोंग्याने मला माझी खोली दाखवली. इथे कॉट, इथे कपाट. मग त्याने ढिगावरून पलीकडे जाऊन खिडकी उघडली. ती उघडते, हे मला माहीत नव्हतं. बाहेर झाड आहे.

सहाला मुलाखत. तिघं टेबलाच्या पलीकडे ओळीने बसलेले. उत्तरं तयार होती. नेतृत्वगुण, टीमवर्क, दूरदृष्टी. यांपैकी काहीच विचारलं नाही. वकिलाने विचारलं, आधीचं घर का सोडलं. मी म्हटलं, मतभेद. कोणत्या विषयावर? मी म्हटलं, भांडी. तो म्हणाला, आधीच्या घरातल्या कोणाचा नंबर देता का, चौकशी करावी लागते. मी त्याचाच नंबर दिला. त्याने तो गंभीरपणे लिहून घेतला.

भोंग्याने विचारलं, घोरता का. मी म्हटलं, सर म्हणतात, हो.

मग काका. इतका वेळ तो चहाच ढवळत होता. त्याने विचारलं, इथेच का राहायचंय, दुसरीकडे चांगल्या खोल्या मिळतात की.

याचं उत्तर तयार नव्हतं. मी म्हटलं, त्या खोल्यांत तुम्ही नाही. मला तुमच्याशिवाय कोणी नाही इथे. कुकर माझ्यामुळे सडला. मला जायचं नव्हतं, मी उगीच म्हणालो. भोंगासुद्धा हसला नाही.

वकील म्हणाला, कळवतो.

कळवतो! माझ्याच स्वयंपाकघरात!

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी काका अंडी फोडत होता. पाठमोराच म्हणाला, झाली रे तुझी निवड.

मी नम्रपणे विचारलं, माझी कोणती बाजू प्रभावी वाटली. तो म्हणाला, बाजू कसली, खोली बघून बाकीचे सगळे पळाले. तू एकटाच उरलास.

मग ताटलीत अंडं सरकवत म्हणाला, एक तयार होता खरं तर. तो उंच. सोमवारी त्याचा फोन आला होता, खोली साफ करून दिलीत तर लगेच येतो. भोंगा तर हॉस्पिटलातून हातमोजे आणि मास्क घेऊन तयारच होता.

मी विचारलं, मग केली का नाही साफ?

काका म्हणाला, वा! तुझी खोली, आम्ही कशी साफ करणार?

खोलीत येऊन दार लावलं. डोळ्यांत पाणी आलं. धुळीने, असं लिहिणार होतो. पण ही वही दुसरं कोण वाचणार आहे? रडलो. चांगला दहा मिनिटं रडलो. मग भूक लागली, म्हणून बाहेर जाऊन अजून एक अंडं मागितलं.

१ मार्च, रविवार

घरसभा. मी नवा तक्ता केला होता, सहा रंगांत. खिशातच ठेवला.

नवीन सदस्य पहिला महिना चाचणीवर असतो, असं वकिलाने जाहीर केलं. असा नियम असल्याचं मला आठवत नाही, पण नवीन माणसाला सगळे नियम माहीत नसतात. भांडी, केर, बाथरूम, तिन्ही माझ्याकडे. कोणाची हरकत? माझ्याकडे तीन मुद्दे होते. मी हात वर केला तो बाजूने. ठराव एकमताने मंजूर.

लगेच बाह्या सरसावून सिंकसमोर उभा राहिलो. दीड वर्ष या घरात राहतोय, आणि भोंग्याला हाक मारून विचारावं लागलं की भांड्यांचा साबण कुठे असतो.